सोबतीला नेलेल्या मावशी

आजींना ‘नाही’ म्हणायचं नाही, हा मावशींनी त्या घरात कामाला लागल्या लागल्या घालून दिलेला नियम. आजींचं डोकं तेव्हा नुकतंच वाट चुकायला लागलं होतं. दुपारी खुर्चीत चांगल्या बसलेल्या असायच्या आणि एकदम उठून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. “मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल.” त्यांचा मुलगा, म्हणजे साहेब, समजावायला धावायचे. “आई, अगं हेच आपलं घर. आणि तुझी आई जाऊन किती वर्षं झाली.” की आजींच्या तोंडचं पाणी पळायचं. आई गेल्याची बातमी जणू त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळायची. मग रडारड, मग दारावर थापा, मग जेवणावर राग. एका म्हातारीची आई रोज नव्याने मारायची, याला कुठलं शहाणपण म्हणायचं?

मावशींची रीत निराळी होती. “घरी ना? जाऊ की,” त्या म्हणायच्या. “तेवढे हे रुमाल घडी करू लागा, मग निघू.” हातात रुमाल आला की आजींची बोटं आपसूक कोपऱ्याला कोपरा जुळवू लागायची, आणि ढीग संपेस्तोवर घर, आई, दार, सगळं डोक्यातून उतरलेलं असायचं. होकार द्यायचा, हातात काहीतरी द्यायचं, आणि विषय बदलायचा. साधी युक्ती होती, पण घराला लागू पडली.

“यात खोटं नाही का हो मावशी?” साहेबांच्या बायकोने, बाईंनी, एकदा विचारलं होतं.

“असेल. माझा हिशोब देव करेल. तोवर त्या जेवतात ना?”

बाईंना ते पटलं. त्याही तसंच बोलायला शिकल्या, साहेबही शिकले. घरात आवाज चढायचा बंद झाला. मावशींना त्याचा मनातून थोडा अभिमानच होता, कोणी काही का म्हणेना.

मावशी मूळच्या इस्पितळातल्या आया. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात एक लेक. इस्पितळ सुटलं तसं घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करायला लागल्या. मनगटं अशी की अंगाने दुप्पट माणूस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सहज वळवतील, आणि पाऊल असं की शेजारच्या खाटेवरचा जागा होणार नाही. जिथे कामाला जातील तिथे स्वतःची छोटी उशी घेऊन जायच्या. परक्याच्या उशीवर परक्याची स्वप्नं पडतात, असं म्हणायच्या, आणि हे थट्टेने की खरंच, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पहाटे अंघोळ झाली की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, आणि मग दिवसभर तोंडातून फारसा शब्द नाही.

लेकीला एकदा दिवस गेले होते, ते सातव्या महिन्यात वाया गेले. त्या दिवशी मावशी कुणा परक्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून होत्या. लेकीने कधी बोलून दाखवलं नाही. ते बोलून न दाखवणंच मावशींच्या जिवाला लागून राहिलेलं. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून कधी तोंड दाखवणार. सासूही नव्हती. “या खेपेला मी तुझ्या उशाशी आहे,” असं मावशींनी देवासमोर उभं राहून तिला सांगितलं होतं.

अशात बाईंनी विषय काढला. साहेबांची थोरली बहीण, ताई, कितीतरी वर्षं परदेशात राहत होती. तिच्याकडे सगळ्यांनी फिरायला जायचं. सगळ्यांनी म्हणजे साहेब, बाई, आजी आणि आजींसाठी मावशी.

“पंधरवड्याचाच तर प्रश्न,” बाई म्हणाल्या. “आजींना तुमच्याशिवाय होणार आहे का, तुम्हीच सांगा.”

“नाही व्हायचं,” मावशी म्हणाल्या. खोटं कशाला बोला?

“मग झालं तर.”

लेकीचे दिवस भरायला अजून अवकाश होता. जाऊन येऊन हाती वेळ उरत होता. मावशींनी हो म्हटलं.

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. “विमानवाल्या मावशी” म्हणून बायका हाका मारायला लागल्या. पासपोर्टचा फोटो काढायला बाई स्वतः घेऊन गेल्या. फोटोवाला म्हणाला, हसू नका, दात दिसता कामा नयेत. मावशी म्हणाल्या, “हसतंय कोण?” आणि तिथे मात्र त्या आणि बाई दोघी खूप हसल्या. साहेबांना एकच धास्ती होती. आईने वाटेत दार उघडा म्हणून हट्ट धरला तर? त्यावर मावशींनीच तोड काढली. दिवाणखान्यात जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या. साहेबांच्या पँटचा पट्टा आजींच्या पोटावरून घेतला. बाई हातात ट्रे घेऊन मधून फिरल्या, आणि साहेब मागच्या खुर्चीत बसून तोंडाने घर्रर्र करत राहिले. पन्नाशीच्या घरातला माणूस, पण करत राहिला. आजी खूश. “गाडी कुठवर आली?” म्हणून विचारायच्या. “अजून लांब आहे,” मावशी सांगायच्या. रोज दुपारी हा खेळ.

एकदा खेळता खेळता आजींनी विचारलं, “आणि परत कधी?”

साधा प्रश्न. त्याचं उत्तर घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, येऊच की लवकर. पण बाई ट्रेमधले पेले उगीच सारखे करायला लागल्या, आणि साहेबांचं घर्रर्र थांबलं. शेवटी मावशीच म्हणाल्या, “येऊ की लवकर. हा पेला धरा नीट.” तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

मग त्या बघायला लागल्या, आणि बघायला लागलं की दिसतंच. औषधांची पिशवी नेहमी मावशी भरायच्या. बाईंनी गोळ्यांचं एक खोकंच आणून पुढ्यात ठेवलं.

“बाई, पंधरवड्याला एवढ्या?”

“तिकडे महाग असतात हो. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत म्हणे. उरल्या तर उरल्या.”

बरोबरच होतं. आजींचे लोकरीचे सगळे कपडे निघाले, तेही बरोबरच, विमानात गारठा असतो म्हणतात. पण निघायच्या आदल्या दिवशी मावशी आजींच्या खोलीत केर काढायला गेल्या, तर भिंतीवर एक चौकोन. आजींच्या यजमानांचा फोटो तिथे वर्षानुवर्षं टांगलेला, तो जागेवर नव्हता. भिंतीचा तेवढाच तुकडा नव्या रंगाचा दिसत होता. फोटो टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवला होता.

“आईंना सोबत वाटेल,” मागून बाई म्हणाल्या. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नव्हतं.

निघताना मावशी लेकीला भेटून आल्या. लेक झेरॉक्सच्या दुकानात कामाला, पाय सुजलेले, स्टुलावर बसून मशीन चालवत होती.

“आई, तू फिरायला चाललीस का कामाला?”

“फिरायला ते चाललेत. मी आजींना फिरवायला.”

“म्हणजे कामालाच. नुसतं विमानातून.” लेक हसली, मग थांबली. “वेळेवर येशील ना?”

“येणारच. काळजी करू नकोस. हे घे, दूध पी आधी, गार होईल.”

लेकीने पेला हातात घेतला नाही. “आजींशी बोलतेस तसं माझ्याशी बोलू नकोस,” ती म्हणाली.

विमानतळावर सगळ्यांचे पासपोर्ट साहेबांच्या कातडी पाकिटात होते. खिडकीतल्या माणसाने मावशींकडे बोट करून काहीतरी विचारलं. बाई गोड हसून म्हणाल्या, “घरच्याच आहेत.” प्रवास निभावला. आजींना वाटलं आपण दिवाणखान्यातच आहोत. मध्येच त्यांनी साहेबांना तोंडाने आवाज करायला सांगितलं, आणि पलीकडच्या सीटवरचा माणूस बघत असताना साहेबांना तो करावा लागला. मावशी तेव्हा हसल्या. प्रवासभरात तेवढंच.

ताईंचं घर मोठं होतं, आणि चिडीचूप. खिडक्यांना दुहेरी काचा. बाहेर एखादी गाडी जायची, तिचा आवाजही आत यायचा नाही. रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. समोरच्या घरांचे पडदे ओढलेले असायचे. मावशींनी आपल्या जन्मात इतकी शांतता फक्त इस्पितळातल्या एका खोलीत पाहिली होती, आणि तिथे कोणी राहायला जात नाही.

ताई स्वभावाने वाईट नव्हत्या. गोड बोलायच्या, मावशींना आधी वाढायच्या. भावाला “बाळ्या” म्हणायच्या, आणि साहेब त्या घरात खरंच बाळ्या होऊन जायचे, विचारल्याशिवाय फ्रीजसुद्धा उघडायचे नाहीत. ताईंनी आईसाठी खालची खोली तयार केली होती. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाला कठडा. शेजारी दुसरा पलंग, मावशींचा. कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्याला नवा कागद घातलेला.

“कागद कशाला, ताई? माझे कपडे बॅगेत आहेत तसेच राहू देत. चार दिवसांसाठी कुठे पसारा.”

“असू द्या हो, ऐसपैस राहा,” ताई म्हणाल्या. संध्याकाळी बघतात तो कपडे कप्प्यात लावलेले होते, आणि बॅग कुठे दिसेना. वर माळ्यावर टाकली, कळलं.

पुढच्या दाराला कुलूप नव्हतं, आकड्यांचं बटण होतं. आकडे दाबले की टीं करून उघडायचं. आई भलतीकडे निघून जाऊ नये म्हणून मुद्दाम बसवून घेतलंय, ताईंनी सांगितलं. आकडे मात्र सांगितले नाहीत. साहेब आणि बाई सकाळी फिरायला निघायचे. म्युझियम, बागा, बोटीतली सफर. टीं आवाज यायचा, दार लागायचं. मग मावशी आणि आजी आतल्या आत. तेच औषध, तोच मऊ भात, तीच अंघोळ. संध्याकाळी बाई फोनवर फोटो दाखवायच्या. “बघा मावशी, केवढा पूल.” मावशी बघायच्या. पूल मोठा होता.

एकदाच सगळे मिळून तळ्याकाठी गेले. आजी बदकांना हाका मारत बसल्या. परतताना ताई एका दुकानात शिरल्या आणि भलीमोठी पिशवी घेऊन आल्या. घरी आल्यावर त्यांनी त्यातून एक जाड कोट काढला, आणि आतून लोकर लावलेले बूट.

“मावशी, घालून बघा.”

“मला? ताई, आत्ता तर उन्हाळा आहे.”

“म्हणून तर स्वस्तात मिळाले. इथली थंडी तुम्हाला ठाऊक नाही. पाऊल फुटतं नुसतं.”

“पण थंडीत मी कुठे इथे...”

“चालून बघा जरा,” ताई म्हणाल्या. “अंगठ्याला टोचत नाही ना?”

मावशी दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. बूट बरोबर मापाचे होते. मुद्दाम माप घेऊन आणावेत इतके बरोबर. बाई सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघत होत्या, आणि टीव्ही बंद होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी बाईंना गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? सरळ विचारलं, “बाई, परतीचं विमान कधीचं?”

“हो हो मावशी, जायचंच आहे ना,” बाई म्हणाल्या. “सगळं होणार व्यवस्थित. एवढे टॉवेल मशीनमधून काढलेत, गरम आहेत तोवर घड्या घालता का?”

मावशींनी टॉवेल घेतले. खाली बसल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवला, मधोमध दुमडला, हात फिरवला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. शेजारी आजी आपल्या रुमालांच्या घड्या घालत होत्या. दोघींचे हात एकाच चालीने चालले होते. आणि मधेच मावशींचा हात थांबला. टॉवेलाची ऊब तळव्याला लागत होती.

होकार द्यायचा. हातात काहीतरी द्यायचं. विषय बदलायचा.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो गोडवा, ते दोनदा ‘हो हो’, ती घाई. बाईंनी हे कुठून उचललं, ते मावशींइतकं कोणाला ठाऊक असणार? आपणच चाकूला धार लावून द्यावी आणि मग तो आपल्याच बोटावर फिरावा, तसं झालं. आजींनी इतकी वर्षं हे ऐकलं, आणि त्यांना आतून कधी काय वाटत असेल, असा विचार मावशींच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला. त्यांनी आजींकडे पाहिलं. आजी घडी घालता घालता त्यांच्याकडेच बघत होत्या.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, पासपोर्ट ताईकडे कपाटात आहे, तिथे सुरक्षित. “कपाटाची किल्ली?” “ताईकडेच असेल.” हे बोलताना साहेब बुटाची नाडी बांधत होते. बूट बिननाडीचा होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

लेकीचा फोन यायचा. “कधी निघतेस?” मावशी म्हणायच्या, “विचारते.” पूर्वीसारखं येणारच म्हणायला जीभ वळेना. “आई, माझं पोट खाली उतरलंय, शेजारच्या काकू म्हणतात लवकर होणार.” मावशी फोन कानाला धरून नुसत्या उभ्या राहायच्या. पलीकडे दुकानातल्या मशीनचा आवाज यायचा. तेवढाच काय तो आपल्या जगाचा आवाज.

बाईंच्या बॅगा भरायला लागल्या. खरेदीचे कागद, खोकी, न्हाणीघरातल्या काट्यावर बॅगा ठेवून वजनं. माळ्यावरची मावशींची बॅग कोणी काढली नाही. तेव्हा सगळे चहाला टेबलाशी बसलेले असताना मावशी येऊन उभ्या राहिल्या. आजी पलीकडे खिडकीशी होत्या.

“माझी बॅग काढून द्या.”

“अगंबाई, हो, देऊ ना,” ताई उठल्या आणि आजींची वाटी पुढे केली. “आईला एवढं भरवता का आधी?”

मावशींनी हात मागे बांधले. “भरवते. आधी उत्तर द्या.”

मग ताईच बोलल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनाच बोलायला कमी लाज वाटली. “मावशी, वर्षभराचाच प्रश्न आहे. बाळ्याने इतकी वर्षं आईला सांभाळलं, आता पाळी माझी. मी म्हटलं, ठेवून घेते, पण मावशी असतील तरच. तुम्हाला इथे काय कमी आहे? वेगळं कपाट, पगार तिकडच्यापेक्षा किती चांगला.”

“मला विचारलं नाहीत.”

“असं कसं?” बाई म्हणाल्या. “तुम्हीच नाही का म्हणालात, आजींना माझ्याशिवाय व्हायचं नाही?”

“आजींचं सांगितलं होतं, बाई. माझं कुठे सांगितलं होतं?”

“लेकीचं म्हणत असाल तर तिकडे चांगले दवाखाने आहेत,” ताई समजुतीने म्हणाल्या. “नर्स असतात, सगळं असतं.”

“इथे नसतात का, ताई?”

ताईंनी वाटी टेबलावर ठेवली. साहेब मान खाली घालून बिस्किट मोडत होते. त्याचा अगदी भुगा झाला.

मावशी वळल्या, पुढच्या दाराशी गेल्या, आणि तिथल्या बूट घालायच्या स्टुलावर जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या दाराकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळाने आजी उठून आल्या. दार ही त्यांची नेहमीची जागा. “मला घरी जायचंय,” आजी म्हणाल्या.

“मलाही,” मावशी म्हणाल्या.

आजी त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. दोघी तशाच बसून राहिल्या. मावशींनी आजींना उपाशी ठेवलं नाही, हे सांगायला हवं. पोटाशी वैर करणं त्यांच्या देवाला चाललं नसतं. वाटी मागून घेतली, तिथेच दाराशी भरवलं, तोंड पुसलं, गोळ्या दिल्या. पण स्टूल सोडलं नाही. ताईंनी गोड बोलून पाहिलं. बाईंनी आणखी टॉवेल आणून पाहिले, ते तिथेच जमिनीवर पडून राहिले. दिवस कलला तरी दोघी दाराशीच, एक स्टुलावर, एक खाली, दोघींची तोंडं एकाच दिशेला.

साहेब दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते ताईंच्या कपाटाची किल्ली मागायलाच वळले.

“बाळ्या, मग आईचं कोण करणार? तू?” आतून ताईंचा आवाज आला.

साहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाईंचं “अहो, विचार करा जरा” तेवढं ऐकू आलं. मग साहेब आले आणि पासपोर्ट मावशींच्या मांडीवर ठेवला. “तुमचं परतीचं तिकीट आहे,” ते म्हणाले. “रद्द करायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही.”

“आणि आजींचं?”

साहेब भिंतीकडे बघत राहिले. “आईचं काढलंच नव्हतं.”

स्टुलावर बसताना ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती, आणि देव जाणे, आली असती तरी त्या उठल्या असत्या का. “साहेब, त्यांनाही घेऊन चला. मी आहे ना तिकडे. लेकीचं आटपलं की येईन, पहिल्यासारखं करीन.” साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई बोलल्या, हळू आवाजात. “आईंची खोली आम्ही दिलीय मावशी. भाडेकरू येतोय.”

निघायच्या दिवशी सकाळी आजींनी बॅगा पाहिल्या आणि स्वतःच्या चपला घालून तयार झाल्या. मावशी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. हजारदा बोललेलं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“आजी, मी जातेय. माझी लेक बाळंत होणार आहे. तुम्हाला इथेच राहायचंय, ताईंपाशी.”

ताई मागून म्हणाल्या, “कशाला सांगताय तिला?”

आजींच्या डोळ्यांत क्षणभर कोणीतरी जागं झालं. फार दिवसांत न दिसलेलं. त्यांनी मावशींचं मनगट धरलं, आणि अगदी घरातल्या कर्त्या बाईच्या आवाजात विचारलं, “मग मला हे लोक जेवायला घालतील का?”

“घालतील,” मावशी म्हणाल्या. आजींची बोटं त्यांना एक एक करून सोडवावी लागली. दार टीं करून उघडलं आणि मागे लागलं. गाडीत बसल्यावर त्यांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. ताई वाटी घेऊन वाकल्या होत्या आणि आजींचं तोंड मिटलेलं होतं. दुहेरी काचेतून आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता.

लेकीला मुलगी झाली. मावशी उशाशी होत्या. बाळ किरकोळ, पण आवाज खणखणीत. जावई ट्रक वाटेत सोडून धावत आला, आणि रडला म्हणून सगळ्यांनी त्याची थट्टा केली.

सुरुवातीला ताईंचा फोन रोज यायचा. “काय म्हणता हो तुम्ही तिला? तोंडच उघडत नाही.” मावशी सांगायच्या. हळू बोला, समोर बसा, घाई करू नका. फोन आजींच्या कानाला लावायला सांगायच्या. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग आजींचं करायला तिथलीच कोणी बाई ठेवलीय, कळलं, तिला आपली भाषा येत नव्हती. मग फोन कमी झाले, मग थांबले. बाजारात बाई भेटल्या. “छान आहेत हो आई. रुळल्या आता,” म्हणाल्या, आणि भाजीवाल्याशी भाव करायला लागल्या.

त्यानंतर एका सकाळी मावशी पाटावर पाय पसरून नातीला अंघोळ घालत होत्या. पायांवर बाळ पालथं, हातावर साबण. आतल्या खोलीत फोन वाजला. लेक उठून गेली, बघितलं.

“आई, लांबचा नंबर आहे. तिकडचा दिसतोय.”

मावशींनी बाळाच्या पाठीवर पाणी सोडलं. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

“घे ना. काही महत्त्वाचं असेल.”

“हात ओले आहेत,” मावशी म्हणाल्या. त्यांनी बाळाला उताणं केलं, मानेखाली हात घातला, आणि तांब्या पुन्हा भरून घेतला. पाणी अजून पुरेसं गरम होतं.